मोठ्या बाई आणि नवा भात

भर पावसाळ्यात, डोंगरावरून चारी बाजूंनी पाणी कोसळत असताना, आमच्या आश्रमशाळेच्या मोठ्या बाई नळ गच्च पिळत फिरायच्या. कुठं थेंब गळताना दिसला की पोरांवर ओरडायच्या. पागोळ्यांखाली बादल्या, घमेली, स्वयंपाकघरातली पातेलीसुद्धा मांडायच्या आणि भरली की टाकीत ओतायला लावायच्या. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं, बाईंच्या डोक्यावर काहीतरी परिणाम झालाय. आमच्या अकोले तालुक्याच्या डोंगरात पावसाळ्यात पाणी साठवणारा माणूस म्हणजे समुद्राकाठी राहून मीठ लपवून ठेवणारा. मी तसं तोंडावर म्हटलंही. त्यावर त्या म्हणाल्या, "बाबा, आमच्या शेवगावकडं या एकदा. तिकडं ढग आला तर लोक त्याच्याकडं पाव्हण्यासारखं बघत्यात. मला हे असं वाया चाललेलं बघवत न्हाई."

पुढं उन्हाळ्यात वाडीतल्या विहिरी आटल्या तेव्हाही बाई नळ तसेच पिळत होत्या. म्हणजे पावसाळ्याचा आणि त्यांच्या नळ पिळण्याचा काही संबंध नव्हता. ती त्यांच्या हातालाच लागलेली खोड होती. आमच्या घरी आल्या तरी रांजणावरचं झाकण नीट बसलंय का ते आधी बघायच्या, मग आम्हाला विचारायच्या, कसे आहात.

मी चौथीपर्यंत शिकलो. पुढं ढोरं राखली, भात लावला आणि फारसं कुणाचं ऐकलं नाही. हे लिहायचं ठरलं तेव्हा एकजण म्हणाला, तुम्ही सांगा, आम्ही लिहून घेतो. मी म्हटलं, मला येतं. तेव्हा हे माझ्या हातचं आहे. आणि माझ्या हातून कुणाची तारीफ सहसा उतरत नाही, हे आमच्या वाडीत कुणालाही विचारा. बाईंची बदली होऊन त्या आता दुसऱ्या जिल्ह्यात गेल्यात. त्यांच्या माघारी लिहितोय, म्हणून त्यांना खूश करायला लिहितोय असं कुणी म्हणू नये.

बाई उंच, हाडापेरानं मोठ्या. पायात पुरुषी चपला. आवाज असा, की या बांधावरून त्या बांधावरच्या माणसाशी बोलण्यातच जन्म गेला असावा. शेजारी बसलेल्या माणसाशीही तसंच बोलायच्या. 'का' म्हणायच्या जागी त्या 'कामून' म्हणायच्या. आमच्याकडं हा शब्द नाही. पोरांना तो इतका आवडला की सगळी शाळा एकमेकांना 'कामून, कामून' करायला लागली. बाईंनी ऐकलं, पण कुणाला रागावल्या नाहीत. उलट म्हणाल्या, "म्हना की. शाळंत आल्यावर कामून म्हनायला नको तर काय म्हनायला शिकायचं?"

भाताशी मात्र त्यांचं वैर. भात म्हणजे त्यांच्या लेखी जेवणाआधीचं काहीतरी. गावाकडून बाजरीचं पीठ मागवायच्या आणि स्वतःच्या खोलीत स्वतःपुरत्या भाकरी थापायच्या. यावरून माझं आणि त्यांचं ओळख होताच वाजलं. माझं आयुष्य खाचरात गेलं. आमच्या वरच्या खाचरातला तांदूळ शिजला की शेजारच्या घरात कळतं. आणि ह्या बाई मला विचारतात, "बाबा, भात खाल्ल्यावर पुन्हा जेवायचं कवा?" मी म्हटलं, "बाई, तुमी जनावराचं खाणं खाता, तुमाला कळायचं न्हाई." झालं. त्यानंतर भेटलो की रामराम नंतर, आधी भात आणि भाकरी.

आता त्यांच्या कामाचं सांगतो. आमची पोरं शाळेत राहतात. वाडीपासून शाळा डोंगराखाली, पायी जायचं म्हटलं तर अर्धा दिवस जातो. माझा मुलगा आणि सून टोमॅटोच्या कामाला नारायणगावकडं जातात, हंगाम संपला की येतात. नात आमच्याजवळ वाढली, म्हणजे मी आणि म्हातारी. ती त्या शाळेत आठवीला होती. दर रविवारी मी तिला भेटायला खाली उतरायचो. म्हातारी फडक्यात नाचणीची भाकरी आणि वर खेकड्याचं सुकं बांधून द्यायची.

बाई यायच्या आधी भेटायची पद्धत अशी होती, की पालकांनी गेटाबाहेर उभं राहायचं. आतला शिपाई नावं पुकारणार, पोरगं येणार, गजातून बोलायचं, गजातून भाकरी द्यायची. पाऊस असो, ऊन असो. आम्हाला त्याचं काही वाटायचं नाही, कारण कुठल्याच कचेरीत आम्हाला आत बोलावलेलं नव्हतं.

एका रविवारी आमच्यात एक उंच बाई येऊन उभी राहिली. डोक्यावर पदर, हातात पिशवी. मी विचारलं, कुठली वाडी? म्हणाली, शेवगाव. मला वाटलं, कुणाची सून असेल. बराच वेळ उभी होती. शिपायानं तिला दरडावलं, मागं सरका म्हणून. ती सरकली. मग तिनं पिशवीतून किल्ली काढली, गेट उघडलं आणि शिपायाला म्हणाली, "मी नवी हेडमास्तर. आता सगळ्यांना आत घ्या. आन् मला मागं सरकवलं ते बरंच केलं, मला कळलं तरी."

पुढच्या रविवारी त्यांनी सगळ्या मास्तरांना गेटाबाहेर उभं केलं. आमच्यात. रिमझिम चालू होती. त्यांनी हे शिक्षकांचं ट्रेनिंग आहे असं सांगितलं होतं. एक गुरुजी माझ्या शेजारी उभे राहून पुटपुटत होते, की सरकारच्या ट्रेनिंगला निदान खुर्ची आणि चहा-बिस्कीट असतं. ते बाईंनी ऐकलं. गजाच्या आतून म्हणाल्या, "चहा हाय की. आत बोलावलं की मिळंल." आणि आत निघून गेल्या. खूप वेळ आल्या नाहीत. मी त्या गुरुजींना माझ्या घोंगडीचं एक टोक दिलं. त्यांचं आणि माझं त्या दिवशी जेवढं बोलणं झालं, तेवढं आधीच्या सगळ्या वर्षांत झालं नव्हतं.

त्यानंतर आम्ही आत जायला लागलो. वर्गात मागं बसायचं, पोरांच्या पंगतीत जेवायचं, म्हाताऱ्यांनी दुपारी पोरांच्या खोलीत आडवं व्हायचं. पालक सभेला मात्र कुणी येत नसे, कारण सभा कामाच्या दिवशी असायची. तेव्हा बाईंनी सभाच उचलून आठवडे बाजारात नेली. चिंचेखाली सतरंजी टाकली आणि मास्तरांना एकेका कोपऱ्यात बसवलं. शेजारी सुकट विकणारी बाई बसायची. तिला राग आला, तुमच्या सभेपायी माझं गिऱ्हाईक अडतंय म्हणून. मोठ्या बाईंनी तिला विचारलं, तुझं पोरगं कुठं शिकतं? कळलं की शिकतच नाही. मग सभा राहिली बाजूला, त्या सुकटवालीच्या पाटीशेजारी उकिडव्या बसल्या. तिची पोरगी पुढच्या जूनमध्ये शाळेत दाखल झाली. बाईंच्या साडीला सुकटीचा वास आठवडाभर राहिला असणार. त्यांना त्याचं काही नव्हतं.

आजही शाळेला नवा तांदूळ आला तर आधी वाड्यावाड्यांना विचारलं जातं, तुमचं नवं झालं का? झालं नसेल तर पोतं तसंच राहतं. ही पद्धत कशी पडली ते सांगायलाच खरं मी बसलोय.

नवं म्हणजे काय, ते आधी सांगतो. आमच्यात शेतातला नवा भात आला की तो आधी घरच्या देवाला, मग गेलेल्या माणसांना दाखवायचा, मग गुरांना, आणि मग घरच्यांनी तोंडात घालायचा. घरात जो वडीलधारा असेल त्यानं करायचं. ते होईपर्यंत घरातलं कुणीही, कुठंही, नव्या तांदळाचा दाणा खात नाही. कुणी कामाला लांब गेलेलं असलं तरी नाही. हे कुणी शिकवत नाही. जसं चुलीत हात घालू नये हे कळतं, तसं पोरांना कळतं.

त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीच्या थोडं आधी खालच्या गावातल्या एका शेतकऱ्यानं शाळेला पोतंभर नवा तांदूळ दिला. त्यांच्याकडं तशी रीत नाही. बाई खूश झाल्या. शाळेला मिळणाऱ्या तांदळाला कुबट वास यायचा, आणि पोरं तो रोज खातात हे बाईंना खुपायचं. स्वतः भाताला हात लावत नसत, पण पोरांना त्यांच्या मातीतला तांदूळ मिळावा असं त्यांना वाटलं. सकाळी स्वयंपाक्याला सांगितलं, आज हाच शिजव, आणि त्या मीटिंगला अकोल्याला गेल्या. स्वयंपाकी संगमनेरकडचा. त्यानं शिजवला.

पोरांना वासावरून कळलं. खालच्या गावातली जेवली. आमच्या वाडीतली आणि आसपासच्या वरच्या वाड्यांतली पोरं ताटापुढं हात बांधून बसली. तिथं वाढायला एक तरुण सर होते, नुकतेच लागलेले. त्यांनी आधी गोडीत सांगितलं, मग दरडावलं, मग म्हणाले, ताट संपल्याशिवाय कुणी उठायचं नाही. पोरं बसून राहिली. भात गार झाला, त्याचा गोळा झाला. सरांचा आवाज चढत गेला. शेवटी ते माझ्या नातीला म्हणाले, कारण पहिल्या ओळीत तीच होती, "माजलीस व्हय? मग मर उपाशी."

ती उठली. ताट उचलून कडेला ठेवलं, हात धुतले आणि चालायला लागली. तिच्यामागं आमच्या वाडीतली सगळी पोरं. वाट जंगलातून आहे. दिवेलागणीला आमच्या अंगणात येऊन उभी राहिली तेव्हा सगळ्यांत लहानगी तिच्या पाठीवर झोपली होती. म्हातारीनं आधी सगळ्यांना जुन्या तांदळाची पेज पाजली, मग विचारलं.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत बाई डोंगर चढून आल्या. मी ओट्यावर बसलो होतो. उठलो नाही, बसा म्हटलं नाही. त्यांनी चपला काढून हातात घेतल्या आणि अंगणात उभ्या राहिल्या. म्हणाल्या, पोरं पोचली हे रात्रीच निरोपानं कळलं, नाहीतर अंधारातच निघणार होते.

मी त्यांना काय काय बोललो ते सगळं इथं लिहीत नाही. एवढंच लिहितो, "बाई, आमच्या देवानं अजून ज्याला तोंड लावलं न्हाई ते तुमी पोरींच्या तोंडात कोंबायला निगाला. आन् खाल्लं न्हाई म्हणून मर म्हणाला. आमची पोरं शाळंत घातली, इकली न्हाईत."

"तो तांदूळ मी शिजवायला सांगितला," बाई म्हणाल्या. "त्या पोरगेल्या मास्तराच्या आधी मला बोला."

मग मी त्यांना बोललो. चांगलं बोललो. थांबलो तेव्हा त्यांनी विचारलं, "झालं, का राहिलंय?"

मी म्हटलं, राहिलंय.

"मग बोला."

घसा बसेपर्यंत बोललो. म्हातारीनं पाण्याचा तांब्या आणला आणि माझ्याकडं न बघता आधी बाईंना दिला. ते मला अजून आठवतं.

शेवटी मी सांगितलं, माझी नात आता शाळेत येणार नाही. आणि ती आली नाही तर या वाडीतली एकही पोर येणार नाही. हे मी फुशारकीनं म्हणालो नव्हतो. तसंच होतं. आमच्या वाडीत पेरायच्या आधी लोक माझ्या शेताकडं बघतात. नातीचं शिक्षण म्हणजे नुसतं तिचं शिक्षण राहिलं नव्हतं, तिच्यामागं सगळ्या पोरांची रांग उभी होती.

मला वाटलं, बाई आता हात जोडतील, सरकारी कायदा सांगतील, रडतीलसुद्धा. त्या म्हणाल्या, "बरं." चपला घातल्या आणि उतरून गेल्या. मी दिवसभर त्या एका 'बरं'वर चिडून होतो.

मग शाळेला दिवाळीची सुट्टी लागली. आमचं भात कापायला आलं होतं. एका सकाळी आम्ही खाचरात उतरलो, तर बांधावर बाई. हातात विळा, डोक्याला टॉवेल. सुट्टीत त्या दर वर्षी शेवगावला जायच्या, तिथं त्यांची आई होती. यंदा गेल्या नव्हत्या, वाडीतच एकीच्या घरी मुक्काम टाकला होता. मी म्हातारीला म्हटलं, "त्यांना सांग, आमाला माणसं पुरेशी हायेत."

बाई तिथंच उभ्या होत्या. म्हणाल्या, "आजी, बाबास्नी सांगा, मला ऐकू येतं."

आणि उतरल्या चिखलात.

सगळी कापणी मी त्यांच्याशी सरळ बोललो नाही. म्हातारीच्या तोंडून बोलायचो, त्याही तशाच. त्यांना भात कापता येत नव्हता. ज्वारी-बाजरीचा हात होता तो. उभ्यानं वरूनच कापायच्या, खाली वीतभर धसाचे खुंट ठेवायच्या. म्हातारी म्हणाली, "बाई, एवढा पेंढा जमिनीला कामून दिला? गुरं माझ्या नावानं हंबरतील." तिनं 'कामून' म्हटल्यावर बाई कंबरेवर हात ठेवून हसल्या. मग म्हातारीनं त्यांच्या मनगटाला धरून बुडख्याशी विळा कसा लावायचा ते दाखवलं. दुपारपर्यंत बाईंचा हात खाली आला. संध्याकाळी त्यांची कंबर सरळ होत नव्हती, पण तसं त्यांनी कबूल केलं नाही.

दुपारी भाकरी खायला बसायच्या तेव्हा नात त्यांच्यापासून लांब बसायची. एके दिवशी बाई उठून तिच्याजवळ गेल्या. मी पेंढ्या बांधत होतो, पण कान तिकडंच होते. बाईंचा आवाज, मुद्दाम ऐकायची गरजच नव्हती.

"तू सरांना कामून सांगितलं न्हाई, नवं झालं न्हाई म्हनून?"

नात म्हणाली, "त्यांनी विचारलं कुठं? ते नुसते ओरडत हुते."

बाईंनी हातातली भाकरी फडक्यात बांधली आणि विळा घेऊन पुन्हा खाचरात उतरल्या.

खळ्यावर झोडणी झाली. नवं करायचा दिवस आला. त्या सकाळी म्हातारीनं नवा तांदूळ कांडला, नव्या मडक्यात शिजवला. मी आंघोळ करून देवाला दाखवलं, गेलेल्यांची नावं घेतली, गोठ्यात जाऊन गुरांना घास दिला. नारायणगावहून मुलगा-सूनही आले होते. सगळे वयाप्रमाणं ओळीनं बसले. बाई दाराबाहेर ओट्यावर बसल्या होत्या. त्यांनी आत डोकावूनही पाहिलं नाही.

मी पानं वाढत होतो. म्हातारी माझ्याकडं बघत होती, नात खाली बघत होती. नव्याचं पान बाहेरच्या माणसाला आम्ही देत नाही असं नाही, पण ज्यानं आपल्या शेतात कष्ट केलेत त्यालाच देतो. मी मनात बरंच उलटंपालटं केलं. बाईंनी कापलेल्या पेंढ्या माझ्याच खळ्यावर झोडल्या होत्या, ते काही नाकारता येत नव्हतं. मी एक पान जास्त मांडलं आणि पहिल्यांदा त्यांच्याशी सरळ बोललो. "बाई, आत या."

त्या आल्या. जेवल्या. काही विचारलं नाही, तारीफ केली नाही. पान चाटून पुसून संपवलं आणि पुन्हा पुढं केलं. म्हातारीनं वाढलं.

जेवण झाल्यावर ओट्यावर म्हणाल्या, "बाबा, एक मागते. शाळा उघडंल त्या दिवशी खाली या. मला जे बोलला ते माझ्या मास्तरांसमोर बोला. तेवढंच, तसंच. एक शब्द कमी करू नका."

मी म्हटलं, "येतो. बोलतो. पण तुमच्या शाळंसाठी न्हाई. पोरीची पेटी न्यायला येतो."

आमच्या पोरांच्या पत्र्याच्या पेट्या शाळेतच राहिल्या होत्या. त्यात त्यांचे कपडे, पुस्तकं, सगळं. वाडीतल्या लोकांनी ठरवलं होतं, की मी नातीची पेटी वर आणली की दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी जाऊन आपापल्या पोरांच्या आणायच्या. बाई म्हणाल्या, "बरं." पुन्हा तेच.

शाळा उघडायच्या दिवशी मी आणि नात उतरलो. बाकी पोरं वाडीतच. जेवणाच्या खोलीत सगळे मास्तर, अधीक्षक, शिपाई, स्वयंपाकी फरशीवर मांडी घालून बसले होते. इतर वाड्यांचे पालकही होते, भिंतीला टेकून. बाई सगळ्यांच्या मागं, भांडी घासायच्या मोरीजवळ जाऊन बसल्या.

मी उभा राहिलो आणि बोललो. अंगणात बोललो तेच, तसंच. भिंतीजवळची माणसं माना हलवत होती, कारण त्यांच्या पोरांनीही हेच सोसलं होतं, फक्त त्यांनी ते घरातच ठेवलं होतं.

माझं झाल्यावर ते तरुण सर उभे राहिले. त्यांनी जे सांगितलं ते मी माझ्या शब्दांत लिहितो. ते पाथर्डीकडचे. आई-बाप ऊसतोडीला. लहानपण उसाच्या फडात, पाचटाच्या कोपीत गेलं. ताटात शीत राहिलं तर आई बोट धरून ते उचलायला लावायची, कारण उद्याचा भरवसा नसायचा. भरलेलं ताट कुणी नुसतं बघत बसलंय हे त्यांनी जन्मात कधी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी ते पाहून त्यांचं डोकं फिरलं.

मग ते मला म्हणाले, "बाबा, मी त्या लेकराला मर म्हणालो. ते शब्द मला परत घेता येत न्हाईत. मला एवढंच सांगा, पुढच्या वेळी मला कळायचं कसं?"

मी काहीतरी कडक बोलायच्या तयारीत होतो. पण ज्या माणसाला अन्नाची इतकी किंमत आहे त्याला मी काय बोलणार होतो? तेवढ्यात माझ्या मागून आवाज आला.

"सर, विचारायचं," नात म्हणाली.

एवढंच. सरांनी मान हलवली. म्हणाले, "विचारीन."

मोरीजवळून बाईंचा आवाज आला, "आयकलं का सगळ्यांनी? झालं ट्रेनिंग. उठा, पोरं जेवायची थांबलीत."

लोक उठले. मी नातीला म्हटलं, जा, पेटी घेऊन ये. ती गेली. मी गेटापाशी थांबलो. बराच वेळ झाला तरी ती येईना. मुलींच्या खोल्यांकडं गेलो तर दारात बाई उभ्या.

"बाई, पेटी," मी म्हटलं.

"माझी न्हाई ती," बाई म्हणाल्या आणि दारातून बाजूला झाल्या. "जिची हाय तिला मागा."

मी आत डोकावलो. सुट्टीत बंद राहिल्यामुळं खोलीला दमट वास सुटला होता. नातीनं पेटी उघडली होती. पांघरूण बाहेर काढून खिडकीत वाळत टाकलं होतं, आणि आता ती फडक्यानं पेटीचा तळ पुसत होती. मला बघून हात थांबला. तिच्या तोंडावर भीती नव्हती, हट्ट होता. तो कुठून आला हे मला ओळखायला वेळ लागला नाही.

"बाबा, तुमी निघा आता," ती म्हणाली. "उशीर केला तर वाटंत अंधार व्हईल."

मी तिथं उभा राहिलो. फडकं पुन्हा पत्र्यावर फिरायला लागलं. बाहेर आलो तर बाई पुढं जाऊन पंगतीत वाढत होत्या. त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही, आणि ते बरं केलं.

डोंगर चढताना खांदे मोकळे होते आणि तरी दम लागत होता. वाडीच्या अलीकडच्या वळणावर लोक येऊन उभे होते. म्हातारी पुढं. त्यांच्यामागं पोरं, एकमेकांच्या खांद्यावरून बघत. सगळ्यांची नजर माझ्या खांद्याकडं.

म्हातारीनंच विचारलं, "पेटी?"

"जागंवर हाय," मी म्हटलं. "उद्या पोरांना लवकर उठवा."